खुंटीवरचा पाय

आमच्या माजघरात खुंटीला पाय टांगलेला असायचा. एका खुंटीला आबांचा पटका, दुसऱ्या खुंटीला कंदील आणि मधल्या खुंटीला पाय. नवीन सोयरे घरी आले की बोलता बोलता त्यांची नजर तिकडं जायची आणि चहाची बशी ओठाशी नेता नेता थांबायची. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नसे. धाकटी बहीण तर रात्री अंथरुणातून विचारायची, "आबा, पाय टांगला का?" दाराला कडी लावली का, असं विचारावं तसं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कऱ्हाडच्या खालच्या अंगाला. काळं रान, ऊस आणि पाट. 1983 सालच्या गळिताच्या हंगामात उसानं भरलेली ट्रॉली चढावर मागं सरकली. चाकाला दगड लावायला आबा वाकले आणि त्यांचा उजवा पाय चाकाखाली गेला. घोट्याचा चुरा झाला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली वीतभर ठेवून पाय काढला. आबा तेव्हा पंचेचाळिशीत, मी सतरा वर्षांचा, आयटीआयला फिटरच्या पहिल्या वर्षाला. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. "गुडघा वाचला हे नशीब समजा," असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा आम्हाला ते बोलणं क्रूर वाटलं. पुढं कळलं की ते अगदी खरं होतं. गुडघा स्वतःचा असला की माणसाचा निम्मा पाय शाबूत असतो. अडतं ते घोट्यापाशी.

दीड वर्षानं शहरातल्या एका केंद्रातून पहिला पाय मिळाला. वर मांडीला चामड्याचा पट्टा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, खाली नडगीचा पोकळ भाग आणि त्याच्या टोकाला पाऊल. पाऊल दिसायला झकास होतं. त्यावर काळा बूट चढवलेला. आबांनी जन्मात बूट घातला नव्हता. त्यांच्या पायात कोल्हापुरी असे, तीही रानात जाताना बांधावर काढून ठेवलेली.

मी फिटर, तेव्हा घरी आल्यावर पहिल्याच रात्री बूट काढून पाऊल उलटंपालटं करून बघितलं. त्यात सांधा नव्हताच. मधे लाकडाचा कणा, तो थेट चवड्यापर्यंत गेलेला, आणि टाचेत मऊ रबराची पाचर. या जातीच्या पावलाला 'सॅच' म्हणतात. घट्ट घोटा आणि मऊ टाच असा त्या इंग्रजी नावाचा अर्थ. कॅलिफोर्नियात 1950च्या दशकात ते निघालं. टाच टेकली की रबर दबतं, पाऊल खाली गेल्यासारखं वाटतं, आणि कणा चवड्यावर भार घेऊन माणसाला पुढं नेतो. झिजायला काही नाही, तेल-ग्रीस काही नाही. डांबरी सडकेवर चालणाऱ्या, बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी तो चांगलाच पाय आहे. मी त्याला नावं ठेवत नाही.

पण आमच्याकडं खुर्ची कुठं होती? आणि बूट काढला तर पंचाईत. ते पाऊल बुटाच्या टाचेच्या उंचीला मापून बसवलेलं. बूट काढला की टाच खाली जायची, नडगी मागं कलायची आणि गुडघा उलटा ताणला जायचा. त्यामुळं आबा देवळाच्या पायरीशी थांबू लागले. ग्रामदैवताला बूट घालून कसं जाणार? आई आत जाऊन यायची, अंगारा आणून त्यांच्या कपाळाला लावायची. रानात तर त्या बुटाला काळ्या चिखलाचे असे थर बसायचे की दहा पावलांत पाय दुप्पट जड व्हायचा.

आणि उकिडवं बसता येईना. शहरात राहणाऱ्यांना हे कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडं माणूस दिवसातून किती वेळा उकिडवा बसतो ते कधी मोजून बघा. सकाळी परसाकडं. मग म्हशीखाली, चरवी गुडघ्यांत धरून. मग रोप लावताना, दारं धरताना, चिलीम ओढताना, पारावर गप्पा मारताना. उकिडवं बसताना टाच जमिनीला टेकलेली आणि नडगी पुढं झुकलेली असते. ते झुकणं सगळं घोट्यात होतं. घोटा वाकला नाही तर माणूस मागं कोसळतो. आबा दोनदा म्हशीखाली कोसळले. म्हैस शहाणी, तिनं लाथ मारली नाही. पण तिसऱ्या दिवसापासून धार काढायचं काम आईकडं गेलं.

त्याच उन्हाळ्यात भावकीतल्या एका लग्नात पंगत बसली. आबा भिंतीला धरून खाली बसायच्या खटपटीत असताना कुणीतरी आदरानं खुर्ची आणून मांडली. वाईट हेतू नव्हता. सगळी पंगत खाली पाटावर आणि आबा एकटे वर, हातात ताट घेऊन. पंगतीला वाढत फिरणारा वाढपी त्यांच्याजवळ आला की त्याला उलटं उभं राहावं लागे. आबांनी दोन घास खाल्ले. त्यानंतर ते कुठल्या पंगतीला गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "जड जेवाण सोसंना आता."

मला वाटलं, आपण फिटर आहोत. घोटा म्हणजे काय, एक बिजागरीच ना?

1986 साली मी कऱ्हाडजवळच्या एका वर्कशॉपला लागलो होतो. सुट्टीच्या दिवशी शेठला विचारून लेथ वापरायचो. पोलादाचा चिमटा केला, त्यात गनमेटलचा बुश, बुशमधून बारा एमएमचा बोल्ट. घोट्याच्या मागं रबराचा एक ठोकळा, पुढं दुसरा. मागचं रबर मऊ, म्हणजे टाच टेकली की पाऊल हलकेच खाली यावं. पुढचं कडक, म्हणजे नडगी एकदम पुढं पडू नये. अशी बिजागरीची पावलं जगात पूर्वीपासून आहेत, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटत होतं की मीच शोध लावला.

पहिलीच अडचण आली ती मला आजही मोठी वाटते. चालायला घोटा आवळलेला लागतो, बसायला तोच सैल लागतो. चालताना नडगी पाच-दहा अंश पुढं झुकली की पुरे. त्याहून जास्त झुकली तर गुडघा लचकतो आणि माणूस तोंडावर जातो. उकिडवं बसताना मात्र त्याच्या कितीतरी पट झुकावी लागते. पुढचं रबर कडक ठेवलं तर बसता येईना, मऊ केलं तर चालता येईना. मी मग युक्ती केली. पुढचं रबर एका खिट्टीवर बसवलं. खिट्टी ओढली की रबर बाजूला, मग बसा. उठलात की खिट्टी घाला आणि चाला.

आबांना पाय दाखवला तेव्हा त्यांनी कौतुकानं चार वेळा खिट्टी काढघाल केली. म्हणाले, "बंदुकीसारखं हाय की रं." पहिल्या आठवड्यात ते म्हशीखाली बसले, धार काढली, खिट्टी घालायची विसरले आणि चरवीसकट ओट्यावर आडवे झाले. दूध सांडलं म्हणून आई ओरडली. आबा हसत होते. तसे ते बऱ्याच दिवसांनी हसले होते.

पण दुखणं वेगळंच होतं. माणसाच्या घोट्यात एकावर एक असे दोन सांधे असतात. वरचा पाऊल खाली-वर करतो. त्याच्या खालचा पाऊल डावी-उजवीकडं कलतं करतो. सपाट फरशीवर खालच्या सांध्याला फारसं काम नसतं. बांधावर चालताना, नांगरटीतून जाताना, ढेकळावर पाय पडला की सगळं तोच सावरतो. मी केलेल्या बिजागरीला फक्त खाली-वर माहीत. बांधाच्या उतारावर पाऊल कलायला जागा नाही म्हटल्यावर सगळा पीळ बोल्टावर आणि बुशवर यायचा. महिन्याभरात बुशचं गोल भोक लांबट झालं आणि आबा चालू लागले की टक, टक असा आवाज यायला लागला. मी ग्रीस भरलं. ग्रीसनं माती धरली. काळी माती आणि ग्रीस एकत्र झालं की त्याची सहाणेवर उगाळल्यासारखी लगदी होते आणि लोखंड खाते. शिवाय वजन. माझ्या घोट्यानं पायाच्या टोकाला किलोभर ओझं वाढवलं होतं. कंबरेला बांधलेला किलो आणि पायाच्या टोकाला बांधलेला किलो एक नसतो. संध्याकाळी आबांच्या खुंट्यावर लालभडक वळ दिसायचे. ते म्हणायचे, "सवय हुईल."

श्रावणात रात्रीची लाईट होती. आबा एकटे दारं धरायला गेले. पहाटे आले ते काठी आणि एका पायावर, कपाळाला खोक, कपडे चिखलानं भरलेले, पाय खांद्यावर. आईनं विचारलं तर म्हणाले, "पाटाच्या शेवाळावर घसरलो." शेजारी आले त्यांनाही तेच सांगितलं. हळद भरून झाली, सगळे गेले, तेव्हा त्यांनी मला गोठ्यात बोलावलं आणि मुठीतला बोल्टाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"घे. हे सापडलं तेवढं. आयला नगं सांगू."

मी तुकडा बघितला. तुटल्याची जागा आट्याच्या तळाशी होती. मी बाजारात मिळाला तो पूर्ण आट्यांचा बोल्ट वापरला होता. जिथं चिमट्याची आणि बुशची कातर येते, नेमके तिथंच आटे आले होते. प्रत्येक पावलाला तिथं थोडी थोडी चीर वाढत गेली असणार. आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मिस्त्रीकाकांना मी दुसऱ्या दिवशी तुकडा दाखवला, कशाचा ते न सांगता. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "कातरीत आटे घेतलेत. कुणा गाढवानं बसवला हा?" मी गप्प राहिलो. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं ते. मी परीक्षेत लिहिलंही होतं.

आबा पाटात पडले तेव्हा पाणी वीतभरच होतं. जास्त असतं तर काय, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

जयपूरचं नाव गावात पोचलं ते 'नाचे मयूरी' सिनेमामुळं. तालुक्याला तो लागला होता. सुधा चंद्रन त्यात स्वतःच्याच आयुष्याचं काम करते आणि जयपूरचा पाय लावून नाचते. आई म्हणाली, "बाई नाचतीया, तर ह्येंला चालायला काय जातंय?" 1987च्या दिवाळीनंतर मी आबांना घेऊन निघालो. मुंबई, तिथून सवाई माधोपूर, तिथं गाडी बदलून छोट्या लाईनच्या गाडीनं जयपूर. आबांनी कऱ्हाडात चढताना सोबत भाकरीची चवड घेतली होती, ती सवाई माधोपूरपर्यंत पुरली.

सवाई मानसिंग हॉस्पिटलच्या आवारात ते काम चालायचं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्तर रामचंद्र शर्मा या दोघांनी साठच्या दशकाच्या शेवटी हा पाय घडवला. डॉक्टर परदेशी शिकून आलेले सर्जन, मास्तर जेमतेम शाळा शिकलेले कारागीर. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1975 साली तिथं भगवान महावीर विकलांग सहायता समिती निघाली आणि पाय फुकट मिळू लागले. मास्तरांबद्दल असं सांगतात की ट्रकचं टायर रिमोल्ड करणारा दुकानदार पाहून त्यांना रबराचं पाऊल साच्यात भाजायची कल्पना सुचली. गोष्ट किती रंगवलेली असेल ती असो, पाऊल मात्र खरोखर तसंच भाजतात.

तिथली कार्यशाळा बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण तांबट आळीत आलो. कारागीर ऐरणीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून नडगी घडवत होते. आत-बाहेर करणारे लोक बहुतेक आमच्यासारखे. पटकेवाले, लुगडेवाल्या, कुणी रेल्वेखाली सापडलेला, कुणी कडबाकुट्टीत. कुणी कुणाकडं टक लावून बघत नव्हतं. आबा भिंतीला टेकून बसले आणि शेजारच्या राजस्थानी म्हाताऱ्याशी गप्पा मारू लागले. याला मराठी येत नव्हतं, त्यांना मारवाडी येत नव्हतं. विषय बहुतेक बैलांचा असावा.

मी एका कारागिराच्या मागं लागलो. फिटर आहे म्हटल्यावर त्यानं कोपऱ्यातलं एक मधोमध कापलेलं पाऊल आणून दाखवलं. टाचेत स्पंजासारखं रबर. पुढं चवड्यातही तसलंच. त्या दोहोंच्या वर, घोट्याच्या जागी, लाकडाचा ठोकळा आणि त्यातून वर नडगीकडं जाणारा बोल्ट. सगळ्याला टायरच्या दोऱ्याचं रबरी वेष्टण आणि वरून कातडीच्या रंगाचं चिवट रबर. बोटंसुद्धा पाडलेली. मी वळवून वळवून पाहिलं.

"पिन कहाँ है?" मी विचारलं.

"पिन है ही नहीं," तो म्हणाला. आणि त्यानं अख्खं पाऊल हातात घेऊन पिळून दाखवलं. वर वाकलं, खाली वाकलं, डावीकडं कललं, उजवीकडं कललं, थोडं फिरलंसुद्धा.

मी तिथंच खाली बसलो. लाकडी कणा चवड्यापर्यंत न नेता त्यांनी घोट्यापाशीच तोडला होता. एवढंच. म्हणून पुढचं पाऊल वर वाकू शकत होतं. स्पंजाचा गुण असा की थोडं दाबलं तर थोडं वाकतं आणि जितकं दाबाल तितकं उलटून जोर करतं. चालताना अंगाचा भार क्षणभर चवड्यावर येतो, तेव्हा ते फार वाकत नाही, गुडघा लचकत नाही. उकिडवं बसताना सगळं अंग हळूहळू पुढं रेलतं, तेव्हा ते दबत जातं. माझ्या खिट्टीचं काम रबर आपलं आपण करत होतं. कलणंही त्यातच. एकावर एक घासणारे दोन भाग नाहीत, मग माती शिरणार कुठं आणि ग्रीस लागणार कशाला? मी दोन रविवार लेथवर उभं राहून जी जागा घासूनपुसून तयार केली होती, ती जागाच त्यांनी ठेवली नव्हती.

त्या पायातही उणं आहे, तेही सांगतो. वजनाला तो हलका नाही. पोटरी जशी पावलाला मागून ढकलते तसा ढकलत नाही, सगळी ओढ मांडीनंच घ्यावी लागते. हातानं केलेला म्हणून एकासारखा दुसरा नसतो. रानात वापरला तर दोन-तीन वर्षांत रबर चिरतं. हे सगळं आबांनी भोगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय तयार झाला. आबांनी तो चढवला, अंगणात दोन चकरा मारल्या आणि कुणी काही सांगायच्या आत उकिडवे बसले. टाच थोडी उचलली गेली, पण ते बसले. खिशातून तंबाखू काढली, मळली, चुना लावला, बार भरला. मग वर बघून मला म्हणाले, "थुकायचं कुठं हितं?"

परत आल्यावर ते पहिल्यांदा देवळात गेले. अनवाणी. आई मागं मागं, मी त्यांच्या मागं. गाभाऱ्यापुढच्या फरशीवर नुकतंच धुतलं होतं आणि आबांची पावलं उमटत गेली. डाव्याची खरी, उजव्याची रबराची, दोन्हीला पाच पाच बोटं. गुरवानं ती बघितली आणि काही न बोलता घंटा वाजवली.

त्यानंतर त्यांनी बावीस वर्षं शेती केली. पंगतीला बसले, दिंडीत चार मुक्काम चालले, दारं धरली. पाण्याची खोली ते पूर्वीपासून घोट्यानं मोजायचे. "घोटाभर झालं, बंद कर" असं म्हणायचे. आता डावा पाय पुढं टाकून मोजू लागले, एवढाच फरक. आई रोज संध्याकाळी न्हाणीत स्वतःच्या टाचा वजरीनं घासायची, तीच वजरी घेऊन ती त्या पावलाच्या बोटांमधला चिखल काढायची. एकदा अंगठ्यापाशी रबर फाटलं. शिबिर लांब होतं आणि उसाची लागण तोंडावर. आबा पाय काखेत मारून सायकलच्या दुकानात गेले आणि पंक्चरवाल्याला म्हणाले, "हवा न्हाय भरायची, नुसतं ठिगळ लाव." त्यानं घासून, सोल्युशन लावून काळं ठिगळ बसवलं. ते लागण संपेपर्यंत टिकलं. पंक्चरवाल्यानं पैसे घेतले नाहीत, पण पुढं वर्षभर प्रत्येक गिऱ्हाईकाला ही गोष्ट ऐकवली.

मधे माझ्या पुतण्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या ह्यू हर नावाच्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. 1982 साली, म्हणजे आबांच्या अपघाताच्या आदल्याच वर्षी, डोंगरावर बर्फात अडकून त्याचे दोन्ही पाय गेले. तो पुढं एमआयटीत शिकला आणि त्यानं मोटर-बॅटरीचा घोटा केला. तो पोटरीसारखा मागून ढकलतो. चालणं इतकं सरळ की विजारीखालून ओळखू येत नाही. मी तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. मोटर कुठं बसवली आहे, स्प्रिंग कुठं आहे ते बघत होतो. आबा असते तर त्यांनी एकच विचारलं असतं, चिखलात चालंल का म्हणून.

आबा 2009 च्या मार्गशीर्षात गेले. अंघोळ घातल्यावर भावकीतला एक जण म्हणाला, पाय राहू द्या, रबर जळत नाही नीट. आई म्हणाली, "देवळात ह्येच पाय चालला न्हवं?" पण मग तिचं तिनंच काढून घेतला, पदरानं पुसला आणि आत नेऊन खुंटीला अडकवला. तो अजून तिथंच आहे. गेल्या पावसाळ्यात टाचेचा कोपरा उंदरानं कुरतडलाय. ठिगळ मात्र तसंच आहे. बोल्टाचा तुकडा माझ्या हत्यारांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, जुन्या तुटक्या ड्रिलांबरोबर पडलेला आहे.